मूल वाचताना कुठे अडतं ते आधी बघा

एकतीस वर्षं सातारा जिल्ह्यातल्या शाळांत पहिली-दुसरीला शिकवलं. वाचनात अडणाऱ्या प्रत्येक मुलाला माझं औषध एकच असायचं: "पुन्हा वाच." निवृत्त होऊन ठाण्याला लेकीकडे आले, तर साडेसहा वर्षांच्या इंग्रजी माध्यमातल्या नातवाला मराठी वाचायला शिकवायचं काम गळ्यात पडलं. वाचताना मेंदूत काय चालतं हे तेव्हा कुठे मी नीट समजून घेतलं, आणि माझं ते औषध किती बिनकामाचं होतं ते कळलं.

बोलणं मूल ऐकून ऐकून उचलतं. वाचनासाठी मात्र मेंदूत आयती जागा नाही. लिपी येऊन जेमतेम पाच हजार वर्षं झाली, तेवढ्यात मेंदूची घडण बदलत नाही. म्हणून नजरेची, आवाजाची, अर्थाची आणि हाताच्या वळणाची अशी वेगवेगळी ठिकाणं एकमेकांना जोडून घ्यावी लागतात. मूल अडलं की यातला कुठला सांधा निसटतोय ते आधी शोधायचं.

सुरुवात कानापासून करा. पुस्तक मिटा आणि विचारा, "कमळ मधला क काढला तर काय उरलं?" "मळ" म्हणून पोरगं हसलं, तर आवाजाची बाजू ठीक आहे. गोंधळलं, तर अक्षरं गिरवून काही होणार नाही. डाव्या कानाच्या वर आणि थोडं मागे मेंदूचा जो भाग येतो, तिथे अक्षर आणि आवाज यांची गाठ पडते. आवाजच सुटे करता येत नसतील तर गाठ मारायची कशाशी? त्यासाठी गावांच्या भेंड्या खेळा. सातारा, रायगड, डहाणू... आणि इथे खेळ अडतो, कारण ण वरून गाव आणायचं कुठून! आमच्या घरी ण ला न चालवून घेतात.

कान ठीक असेल तर नजरेकडे या. डाव्या मेंदूच्या खालच्या बाजूला, मागच्या अंगाला एक छोटा पट्टा आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ स्तानिस्लास दहान त्याला अक्षरांची टपालपेटी म्हणतात. वाचायला शिकण्याआधी हा भाग चेहरे आणि वस्तू ओळखायच्या कामात असतो. कपाचा कान डावीकडे असो की उजवीकडे, कप तो कपच, ही त्याची जुनी सवय. म्हणूनच मुलं ३ चा ६ करतात. अशा पोरांना मी हातावर पट्टी मारली आहे, ते आठवलं की आता वाईट वाटतं. पोरं आळशी नव्हती. त्यांच्या मेंदूची जुनी सवय अजून मोडायची होती, एवढंच.

इथे उपाय असा: घ-ध, भ-म, थ-य, ब-व ही अक्षरं पानपानभर एकेक लिहून घेऊ नका. जोडी शेजारी शेजारी मांडा आणि फरक कुठे आहे तो मुलालाच बोट ठेवून दाखवू दे. एका दिवशी एकच जोडी.

मग हात. १८८७ साली पॅरिसमध्ये एका गृहस्थांचं वाचन अचानक गेलं. बोलणं शाबूत, लिहिणंही शाबूत, पण स्वतः लिहिलेलं त्यांना वाचता येईना. जूल देजेरीन या डॉक्टरांनी १८९२ मध्ये त्यांची हकीकत मांडली. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते: तेच अक्षर बोटाने गिरवलं की ते त्यांना ओळखू यायचं. डोळ्यांची वाट बंद झाली तरी हाताची उघडी होती. पुढे २०१२ मध्ये अमेरिकेत, अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग झाला. अक्षर काहींनी टाइप केलं, काहींनी ठिपक्यांवरून गिरवलं, काहींनी कोऱ्या कागदावर स्वतः काढलं. वाचनाचे भाग जागे झाले ते स्वतः काढलेल्या अक्षरांना. वेडंवाकडं आलं तरी चालतं! ते वाचल्यापासून ठिपक्यांच्या वह्या आमच्याकडे बंद. परातीत तांदूळ पसरायचे, अक्षर एकदा दाखवून पुसायचं आणि म्हणायचं, "आता तू काढ."

आपल्या लिपीची म्हणून एक अडचण आहे. ‘दिवा’ मध्ये पहिली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, पण म्हणायची नंतर. ‘सूर्य’ मधला र बोलायचा य च्या आधी, बसलाय मात्र य च्या डोक्यावर. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात हिंदी वाचणाऱ्यांचे मेंदू स्कॅन करून पाहिले, तेव्हा डाव्या बाजूच्या जोडीला उजव्या बाजूचे भागही काम करताना दिसले. वर, खाली, आजूबाजूला चिकटणाऱ्या मात्रांचा हिशोब ठेवायचा म्हणजे नजरेला जास्तीचं काम. माझी युक्ती साधी आहे: वेलांटी अंगठ्याने झाका, "द" म्हणवून घ्या, अंगठा काढा, "दि". आठवडाभरात अंगठा लागत नाही.

अर्थाची बाजू मराठीत लवकर आणावी लागते, कारण आपला च आणि ज दोन तऱ्हेचा. ‘चहा’तला आणि ‘चमचा’तला च एक नाही. पाण्याचा जग आणि अख्खं जग, लिहायला सारखेच. नुसते शब्दांचे तक्ते देऊ नका, शब्द वाक्यात द्या, म्हणजे अर्थच उच्चार सांगेल.

हे सगळं काही महिने करूनही मूल तिथेच असेल तर डोळे आणि कान तपासून घ्या आणि वाचन-अक्षमतेच्या तज्ज्ञांना दाखवा. त्यात लाजायचं काही नाही.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी हे रोज बघायच्या. एकदा म्हणाल्या, "बाई, माझं वय गेलं ना आता?" त्यांना मी लखनौजवळच्या खेड्यांतली गोष्ट सांगितली: तिशीच्या आसपासच्या निरक्षर माणसांना, त्यात बहुतेक बायका, सहा महिने देवनागरी शिकवली. २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. मेंदूतल्या पार आतल्या, नजर हलवणाऱ्या भागांचे धागेसुद्धा बदललेले दिसले. "मी तर पंचेचाळीसची," मावशी म्हणाल्या, आणि परात पुढे ओढली. त्यांचा सध्या र चालू आहे. काल तांदळात ‘रमा’ काढलं, पुसलं, पुन्हा काढलं आणि मग तेच तांदूळ धुवून कुकरला लावले.