१३वी पिढी की १४वी? ओव्हरक्लॉकिंगसाठी प्रोसेसर घेताना या चुका टाळा

ओव्हरक्लॉकिंगसाठी, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्यासाठी, इंटेलचा १३व्या पिढीतला आय५-१३६००के घ्यावा की १४व्या पिढीतला आय५-१४६००के, हे ठरवताना सर्रास होणारी चूक म्हणजे मोठा नंबर पाहून जास्त पैसे मोजणं. दोन्हींत १४ कोअर, २० थ्रेड, २४ एमबी एल३ कॅश आणि सॉकेटही तेच, एलजीए १७००. कमाल टर्बो (चिप स्वतःहून गाठते तो सर्वोच्च वेग) ५.१ गिगाहर्ट्झचा ५.३ झाला, इतकंच. मल्टिप्लायर (मूळ घड्याळाला गुणून कोअरचा वेग ठरवणारा आकडा) दोन पायऱ्या चढवला की एवढा वेग बहुतेक वेळा १३६००केही देतो. आय७चं मात्र वेगळं आहे: १४७००केमध्ये १३७००केपेक्षा ४ ई-कोअर (कमी वीज खाणारे छोटे कोअर) खरोखरच जास्त आहेत.

मदरबोर्डवर पैसे वाचवायला जाऊन बी७६० चिपसेटचा बोर्ड घेऊ नका. त्यावर रॅमचा वेग वाढवता येतो, पण कोअरचा मल्टिप्लायर उघडायला झेड६९० किंवा झेड७९०च लागतो. जुन्या झेड६९०वर १४वी पिढी बसवायची असेल तर आधी बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा.

आता व्होल्टेज. या दोन पिढ्यांच्या ६५ वॅट आणि त्यावरच्या चिप्स गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागून आतून झिजू शकतात, हे २०२४ मध्ये इंटेलनेच सांगितलं. त्यावर ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे मायक्रोकोड (बायोस अपडेटमधून मिळणाऱ्या, प्रोसेसरच्या आतल्या सूचना) आले. ते पुढची झीज रोखण्यासाठी आहेत; झालेली झीज भरून येत नाही. म्हणून सेकंडहँड १३६००के स्वस्तात मिळत असला तरी तो कोणत्या बायोसवर, किती व्होल्टेजवर चालला हे विचारल्याशिवाय घेऊ नका. विकणाऱ्याला सांगता येत नसेल तर मी नवी चिपच घेईन.

अस्थिर प्रोसेसरमुळेही असं होतं: ग्राफिक्स कार्डात मेमरी शिल्लक असताना गेम ‘व्हिडिओ मेमरी संपली’ म्हणून बंद पडतो, तेव्हा लोक ग्राफिक्स कार्ड बदलायला धावतात. आधी बायोस अपडेट करा, ओव्हरक्लॉक काढा आणि इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज लावून तोच गेम चालवा. गेम नीट चालला तर तुमचा ओव्हरक्लॉक जास्त होता. मल्टिप्लायर एक पायरी उतरवा. इथेच बरेच जण उलट व्होल्टेज चढवतात किंवा लोड-लाइन कॅलिब्रेशन (भार पडल्यावर व्होल्टेज खाली घसरू न देणारी सेटिंग) सर्वात वरच्या पायरीवर नेतात. मग भार अचानक उतरला की व्होल्टेज क्षणभर उसळतं, आणि याच चिप्सना ते सर्वात नकोसं आहे.

डिफॉल्टवरही गेम तसाच बंद पडत असेल तर प्रोसेसरवर संशय घ्यायला जागा आहे. इंटेलच्या बॉक्समध्ये सुट्या विकलेल्या बाधित चिप्सची वॉरंटी इंटेलने २ वर्षांनी वाढवली आहे, त्यामुळे बिल शोधा आणि दावा करा.