पेटीचा भाता हवा सोडतोय का, घरीच कसं तपासायचं

भाता म्हटलं की लोहाराचाच आठवतो, घड्यांची चामड्याची पिशवी, उघडली की हवा आत, दाबली की नळीतून थेट कोळशावर. धाप लागल्यावर छातीचा भाता झाला म्हणतो ते यावरूनच. पण लोहाराला झोत हवा असतो आणि पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, एकसारखा दाब, म्हणून पेटीत भाते दोन असतात. बाहेरचा आपण हाताने हलवतो, तो आतल्या भात्यात हवा भरतो, आणि आतला स्प्रिंगच्या जोरावर ती रीड्सना, म्हणजे सूर देणाऱ्या पितळी जिभांना, हळूहळू पुरवतो, म्हणून तर बाहेरचा भाता परत उघडताना सूर तुटत नाही.

आता तपासणी. सगळे स्टॉप, म्हणजे पुढचे ओढायचे खुंटे, बंद करा, एकही पट्टी दाबू नका आणि भाता मारत रहा. आतला भरला की बाहेरचा अडला पाहिजे, दाबून दाबला जात नाही इतका. तरी आरामात मिटत असेल तर कुठूनतरी हवा जातेय. मग कोपऱ्यांवर, घड्यांवर ओला हात फिरवा, हवा निघत असेल तिथे लगेच गार लागतं.

बाहेरच्या फळीला भोकं असतात, त्यांच्यावर आतून चामड्याची झडप असते, ती पण विसरू नका. माझ्या पेटीचे सूर एका पावसाळ्यात दबके यायला लागले, मला वाटलं रीड्सच गेल्या, आणि निघालं काय तर झडपेचं चामडं वाकडं होऊन हवा उलटी बाहेर येत होती! भाता मिटताना भोकांपाशी फस्स आवाज आला तर हेच समजा.

घडीला बारीक चीर असेल तर पातळ मऊ चामडं किंवा सुती कापड फेविकॉलने चिकटवा, रात्रभर वाळू द्या. चिकटपट्टी अजिबात नको, घडी कडक होते आणि शेजारीच नवीन चीर पडते. आतला भाता किंवा स्प्रिंग मात्र कारागिराकडेच द्या, तिथे दाब बिघडला तर सगळी पेटीच बिघडते.

आणि वाजवताना भाता पटकन उघडायचा, मिटायचा हळू, बोटांनी. नवीन मुलं दणादण मारतात, त्याने आवाज थरथरतो आणि बिजागऱ्या ढिल्या होतात. वाजवून झालं की भाता मिटून कडी लावा, उघडा राहिला की घड्यांत धूळ बसते आणि उंदीर आधी चामडंच कुरतडतात.