पडताळणीच्या फाइलीतून वंशावळ: नातेवाइकांना देण्याजोगी कशी लावावी

सुरुवात कपाटातल्या जात पडताळणीच्या फाइलीपासून करा. घरात कोणाची पडताळणी झाली असेल, तर शपथपत्रावरची वंशावळ, आजोबांची टीसी, कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल, जुना सातबारा असा अर्धा माल तिथेच सापडतो. टीसी हरवली असेल तर शाळेकडे दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा मागा.

मात्र ती वंशावळ बापाकडून मुलाकडे अशीच उतरते. आत्या, आजी, पणजी तिच्यात बहुधा नसतात. आधी त्यांना भरा. प्रत्येक सुनेचं माहेरचं नाव, लग्नानंतरचं नाव आणि माहेरचं गाव लिहा, नाहीतर कागदोपत्री एकाच पणजीच्या दोघी होतात. हे सांगणारी माणसं ऐंशीच्या पुढची असतात, त्यामुळे फोन आजच लावा. कागद काही पळून जात नाहीत.

कागद वाचताना दोन ठिकाणी फसगत होते. विदर्भातल्या 1952 च्या दाखल्यावर मध्यप्रदेश दिसलं की कोणीतरी ‘आपण मूळचे तिकडचे’ अशी कथा रचतो. तेव्हा नागपूर मध्यप्रदेशचीच राजधानी होतं. विदर्भ मुंबई राज्यात आला 1 नोव्हेंबर 1956 ला. त्याहून जुन्या कागदांवर ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ दिसेल. दुसरी गोष्ट, 1 जुलै ही जन्मतारीख. ती पुष्कळदा गुरुजींनी टाकलेली असते, म्हणून पुढे ‘अंदाजे’ लिहा. मोडी कागद जाणकाराकडूनच वाचून घ्या.

आता फोटो काढा, पाठपोट. फाइलीला ‘आजोबा टीसी’ असं नाव देऊ नका. तुमचे आजोबा कोणाचे तरी मोठे बाबा असतात. वर्ष, पूर्ण नाव, कागद, गाव, याच क्रमाने लिहा. प्रत्येक नोंदीपुढे ती कुठून मिळाली तेही हवं: कोतवाल बुक, की आत्याचं सांगणं. दोन तारखा निघाल्या तर दोन्ही ठेवा.

वाटताना सगळं एकदम टाकू नका, कोणी उघडत नाही. प्रत्येक भावाच्या शाखेचं एकेक पान करा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलं की बारीक अक्षरं पुसट होतात. हयात माणसांच्या जन्मतारखा आणि आधार नंबर त्यातून काढून टाका.

महालक्ष्म्यांच्या जेवणाला सगळे जमतात, तेव्हा मोठ्या अक्षरातली छापील प्रत आणि पेन्सिल घेऊन बसा. ज्याने दुरुस्ती सांगितली, त्याचं नाव समासात लिहा. वाद झालाच तर पानं पडल्यावर मिटवू म्हणा.