विमान कंपनीच्या कॅडेट योजनेत जावे की नाही, हे कसे ठरवावे?

उजळाईवाडीहून उडणाऱ्या विमानांमुळे वैमानिकाचा पेशा कोल्हापूरकरांना आता परका राहिलेला नाही. प्रादेशिक विमान कंपनीच्या कॅडेट योजनेची, म्हणजे शुल्क भरून कंपनीमार्फत वैमानिकाचे प्रशिक्षण घेण्याच्या योजनेची, जाहिरात पाहून बारावी विज्ञानची मुले हट्ट धरतात, तेव्हा आईवडील सर्वांत आधी फीचा आकडा विचारतात. माझ्या मते तो प्रश्न तिसरा आहे.

पहिला प्रश्न प्रकृतीचा. भौतिकशास्त्र आणि गणितासह बारावी ही अट बहुतेकांना ठाऊक असते. परंतु व्यावसायिक परवान्यासाठी डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) वर्ग १ वैद्यकीय तपासणीत पात्र ठरावे लागते आणि तिच्याआधी वर्ग २ ची तपासणी करून घ्यावी लागते, हे अनेकांना प्रवेश घेतल्यावर कळते. रंगीत ठिपक्यांत दडलेला आकडा ओळखण्याच्या चाचणीत, रोज सिग्नल पाहून गाडी चालवणारा मुलगाही अडखळू शकतो. म्हणून शुल्काचा एक रुपयाही भरण्यापूर्वी दोन्ही तपासण्या उरकून घ्याव्यात.

दुसरा प्रश्न कराराचा, आणि खरी मेख इथेच आहे. माझ्या भाच्याला आलेला करारनामा आम्ही दोन रात्री बसून वाचला. माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानावर नोकरीचे आश्वासन ठळक अक्षरांत होते. करारात मात्र तेच वाक्य ‘कंपनीच्या त्या वेळच्या गरजेनुसार’ या शब्दांनी संपत होते. असे शब्द दिसले की नोकरी पक्की नाही, असेच धरून चालावे. परवान्यासाठी लागणारे किमान २०० तासांचे उड्डाण कोणत्या संस्थेत होणार, पावसाळ्यात किंवा विमानांच्या तुटवड्यामुळे प्रशिक्षण लांबले तर वाढीव खर्च कोणाचा, टाइप रेटिंग (विशिष्ट प्रकारचे विमान चालवण्याची पात्रता) शुल्कात धरले आहे का, बाँड (कंपनीत ठरावीक काळ नोकरी करण्याचे बंधन) किती वर्षांचा आणि कंपनीच बंद पडली तर त्याचे काय, याची उत्तरे लेखी मागावीत. २०१९ मध्ये जेट एअरवेज आणि २०२३ मध्ये गो फर्स्ट यांची उड्डाणे थांबली. मोजकीच विमाने असलेल्या कंपनीबाबत ही शंका विचारण्यात संकोच कसला?

छोट्या कंपनीत लहान पल्ल्याची उड्डाणे अधिक असल्याने उतरण्या-उडण्याचा सराव भरपूर होतो, हा लाभ मोठा आहे. मात्र अशा कंपन्या वापरतात त्या एटीआर या लहान विमानाचे टाइप रेटिंग मोठ्या एअरबस ए३२० साठी चालत नाही. पुढे कंपनी बदलायची झाल्यास पुन्हा प्रशिक्षण आणि बहुधा पुन्हा खर्च. बारामती किंवा गोंदियाच्या उड्डाण प्रशिक्षण संस्थेत स्वतंत्रपणे परवाना मिळवून नंतर कंपन्यांच्या परीक्षा देणे हा दुसरा मार्ग आहे. त्यात बाँडची बेडी नसते, पण परवाना हाती येऊनही वाट पाहावी लागण्याची तयारी हवी.

आता पैसा. ५० लाखांचे कर्ज ११ टक्के व्याजाने १० वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे ६९ हजार रुपये होतो, आणि एवढ्या रकमेला बँक बहुधा तारण मागते. नोकरी दीड वर्ष लांबली तर हा हप्ता उसाच्या बिलातून किंवा वडिलांच्या पगारातून निघेल का, याचा हिशेब कागदावर मांडावा. निघत नसेल, तर घर किंवा शेत गहाण ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

भाच्याने वर्ग १ चा निकाल हाती येईपर्यंत कंपनीकडून मुदत मागून घेतली आहे आणि तोवर बी.एस्सी.चा प्रवेश कायम ठेवला आहे.