डॉवेल तिरका, तर सांधा अडला

गंगाखेडकडच्या एका काँक्रीट रस्त्याच्या कामावर मी उभा राहून ओतून घेतलेल्या स्लॅबला आडवी चीर गेली, तीही सांधा सोडून दीड हात अलीकडे. खोदून पाहिलं तर दोन डॉवेल, म्हणजे सांध्यातून शेजारचे दोन स्लॅब जोडणाऱ्या सळया, तिरके. चूक माझीच, दोरी लावली नव्हती. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी तापलेला स्लॅब पहाटे आकसतो. चाकाचं ओझं डॉवेलनं पलीकडच्या स्लॅबवर न्यायचं, पण सरकणं अडवायचं नाही. ते अडलं की काँक्रीट दुसरीकडे फाटतं.

म्हणून डॉवेल गुळगुळीत गोल सळईचाच घ्या. पीळदार सळई रस्त्याच्या लांबीच्या दिशेनं जाणाऱ्या सांध्यातल्या टाय बारसाठी असते, तो दोन्ही बाजू धरून ठेवतो. घाईत अदलाबदल करणारे महाभाग मी पाहिलेत. व्यास ड्रॉइंगप्रमाणे, 300 मिमी जाडीला बहुतेकदा 32 ते 38, लांबी अर्धा मीटर. टोकं करवतीनं कापलेली हवीत. चेपून तोडलेल्या टोकाला ओठ येतो आणि तो काँक्रीटमध्ये अडकतो. प्लास्टिकची नळी निम्म्याहून थोडी जास्त चढवा, घट्ट बसणारी. ढिली असली तर आत सिमेंटचं पाणी शिरतं.

आता बसवणं. डीएलसीवर, म्हणजे स्लॅबखालच्या कमी सिमेंटच्या कोरड्या काँक्रीटच्या थरावर, पॉलिथिन अंथरून झालं की डॉवेलच्या खुर्च्या, म्हणजे बार धरून ठेवणाऱ्या लोखंडी चौकटी, ठेवा. बार दर 300 मिमीवर, स्लॅबच्या जाडीच्या मध्यावर, रस्त्याच्या मध्यरेषेला समांतर. खुर्ची खिळ्यांनी डीएलसीत ठोका आणि पायानं ढकलून बघा. पायानं हलली तर काँक्रीटच्या लोटानं हलणारच. मग दोन्ही टोकांना दोरी ताणून एकेक बार तपासा. नुसत्या डोळ्यानं बघू नका, उन्हात डोळा फसतो.

सांध्याची बरोबर मध्यरेषा दोन्ही बाजूंच्या फॉर्मवर (कडेच्या साच्यावर) रंगानं आखा. काँक्रीट पडलं की खाली काय आहे ते देवालाच माहीत, आणि सांध्यासाठी नंतर कटरनं घेतलेला काप चार बोटं सरकला तर बारचं एक टोक आखूड पडतं.

डंपर थेट खुर्चीवर रिकामा करू देऊ नका. आधी फावड्यानं दोन्ही बाजूंनी सारखं भरा. नीडल (काँक्रीट बसवणारा व्हायब्रेटर) बारच्या आजूबाजूला फिरवा, बारला टेकवू नका.

काप जाडीच्या पाव ते तिसरा हिस्सा, म्हणजे 75 ते 100 मिमी. संध्याकाळी सहाला ओतलेल्या काँक्रीटला उन्हाळ्यात मी रात्री बाराला कटर लावून बघतो. कडेची खडी उखडली तर थांबतो, अर्ध्या तासानं परत. कटरवाल्याला झोपायला घरी पाठवलं, तर सकाळपर्यंत स्लॅब आपल्या मनानं चिरलेला असतो.