यंदाची चित्रं भरली: दिवाळी अंकांच्या हंगामातून सावरताना

२०२३ च्या दिवाळी अंकांत मी काढलेल्या सगळ्या बायका पाठमोऱ्या आहेत. कथेतली बाई दारात उभी असो, एसटीत बसलेली असो की सासऱ्यांशी भांडत असो, वाचकाला दिसते ती तिची वेणी आणि ब्लाउजची पाठ. एका संपादकांनी मुद्दाम फोन करून सांगितलं, ‘यंदा तुमच्या चित्रांत एक अबोलपणा आलाय.’ खरी गोष्ट अशी, की चेहऱ्याला दोन तास लागतात आणि पाठ वीस मिनिटांत होते. चेहरा काढायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

मी पुण्यात घरूनच काम करते. कथाचित्रं, पुस्तकांची मुखपृष्ठं, अधूनमधून लग्नपत्रिका. माझं दिवाळी अंकांचं काम आषाढी एकादशी ते घटस्थापना चालतं. त्या वर्षी मध्येच अधिक श्रावण होता. आषाढी २९ जूनला आणि घटस्थापना थेट १५ ऑक्टोबरला. सगळ्यांनाच वाटलं, महिना फुकट मिळाला. मीही त्या भरवशावर तीन अंक जास्तीचे घेतले. एकूण नऊ अंक, ६४ चित्रं, चार मुखपृष्ठं. पाडव्याला भाची म्हणाली, ‘मावशी, पणती काढून दे ना,’ आणि स्केचपेन हातात धरून मला रडू फुटलं.

तुमचंही असंच काही चाललं असेल, तर मी काय केलं ते सांगते. क्रम माझा आहे, तुमचा थोडा वेगळा लागेल.

आधी रक्त तपासा. हे ऐकायला रुक्ष वाटतं, पण आमच्या घरच्या डॉक्टरांनी माझं सगळं पुराण ऐकून घेतलं आणि हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी १२ आणि ड जीवनसत्त्व एवढंच लिहून दिलं. बी १२ तळाला गेलं होतं. शाकाहारी घरात हे नवीन नाही. औषधाने महिनाभरात जिने चढताना धाप लागायची थांबली, पण कागद पाहिला की पोटात गोळा यायचा तो तसाच राहिला. म्हणजे दोन दुखणी होती, आणि मी दोन्ही एकाच खात्यावर मांडत होते.

दुसऱ्या दुखण्याचं नाव बर्नआउट. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची व्याख्या दिली, तीत तो आजार मानलेला नाही. कामाचा ताण दीर्घकाळ न आवरल्याने येणारी अवस्था म्हटलंय. खुणा तीन: अंगातलं त्राण जाणं, कामाविषयी तुटकपणा येणं, आणि आपल्या हातून काम धड होत नाही असं वाटणं. पाठमोऱ्या बायका ही दुसरी खूण. कथा न वाचताच ‘हं, आणखी एक घटस्फोट’ म्हणून फाइल बंद करायचे, तीही दुसरीच. मात्र उदासी कामापुरती न राहता जेवणावर, माणसांवर, झोपेवर पसरली असेल, किंवा जगणं नको वाटत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि १४४१६ वर फोन करा. टेली-मानस ही सरकारी सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं.

मग काम थांबवा, आणि थांबवलंय हे लोकांना कळवा. मी आधी नुसतेच फोन उचलणं बंद केलं होतं. त्याने ताण दुप्पट झाला. शेवटी एकच मजकूर अकरा जणांना पाठवला: ‘नमस्कार. तब्येतीमुळे १५ जानेवारीपर्यंत नवीन काम घेत नाही. हातातलं काम ठरल्या तारखेला देईन. काही असेल तर व्हॉट्सॲपवर लिहा, मी संध्याकाळी पाचला पाहते.’ बहुतेकांनी ‘काळजी घ्या’ म्हटलं. एकाने दुसरा चित्रकार गाठला आणि तो परत आला नाही. हे होतं. दोन महिने घर चालवायला मी एफडी मोडली, हेही सांगून टाकते, कारण ‘थोडी विश्रांती घे’ म्हणणारे पैशांचं कधीच बोलत नाहीत.

त्या दोन महिन्यांत मी विश्रांतीही धड घेऊ शकले नाही. दुपारी आडवं पडलं की डोक्यात येणी बाकी फिरायची. उपयोगी पडली ती रांगोळी. आईकडे ठिपक्यांचा भोकं पाडलेला कागद होता. रोज सकाळी दारात ११ ते ६ ठिपके, फार तर पंधरा मिनिटं. तिला संपादक नाही, तिच्यात बदल सुचवायला कोणी येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी ती झाडून टाकायची असते. तुम्ही गाणारे असाल तर स्वयंपाकघरात गा, लिहिणारे असाल तर वाणसामानाची यादी वळणदार अक्षरात काढा. अट एकच: ते विकायचं नाही आणि फोटो टाकायचा नाही. मी तिसऱ्या दिवशी फोटो टाकला. ‘ऑर्डर घेता का?’ अशी विचारणा आली. फोटो काढून टाकला.

जानेवारीत हिशेबाला बसले. हा भाग टाळू नका. ६४ चित्रांचे प्रत्येकी १,२०० आणि चार मुखपृष्ठांचे प्रत्येकी ६,०००, मिळून १,००,८०० रुपये. कथा वाचणं, कच्चं चित्र, पक्कं चित्र, बदल, फाइल पाठवणं धरून एका चित्राला पाच तास, मुखपृष्ठाला वीस. एकूण ४०० तास. तासाला २५२ रुपये पडले. त्यातलेही संक्रांतीपर्यंत हातात आले ३१,०००. मानधन या शब्दात मान आधी आणि धन नंतर येतं, आणि आमच्या धंद्यात हा क्रम कोणी मोडत नाही.

तेव्हा मला उमगलं, की कामाने थकले हे अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं त्या ६९,८०० रुपयांचं होतं. येणं बाकी असलं की माणसाच्या तोंडून ‘नाही’ निघत नाही. नवं काम नाकारलं तर जुने पैसेही अडकतील, अशी धास्ती असते. म्हणून मी आधी पैशांच्या तारखा बांधल्या, झोपेच्या वेळा नंतर.

आता काम ठरताना ईमेलवर चार ओळी जातात: अर्धी रक्कम आधी, बदल दोनदा आणि तिसऱ्याचे वेगळे पैसे, कच्चं चित्र झाल्यावर काम रद्द झालं तरी आगाऊ रक्कम परत नाही, उरलेले पैसे फाइल दिल्यापासून ३० दिवसांत. त्याशिवाय उद्यम नोंदणी करून घ्या. सरकारी संकेतस्थळावर ती आधार आणि पॅनवर होते आणि मोफत असते. पैसे मागणारे एजंट भेटतील, त्यांना हात जोडा. २००६ च्या कायद्यानुसार नोंदणी असलेल्या छोट्या व्यावसायिकाचे पैसे लेखी ठरलं असेल त्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. काही ठरलेलंच नसेल तर १५ दिवसांत. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. मी आजवर तक्रार केलेली नाही. बिलावर उद्यम क्रमांक आणि खाली या व्याजाची एक ओळ छापली, तेवढ्याने दोन जुनी बिलं सुटली.

शेवटचा भाग भिंतीवरचा. लोक कालनिर्णयवर दुधाचा हिशेब लिहितात, मी चित्रांचा लिहिते. आषाढी एकादशी ते घटस्थापना साधारण अकरा आठवडे होतात. गणपतीचा एक वजा केला, उरले दहा. आठवड्याला तीन चित्रं, म्हणजे तीस. तीस चौकटी आखते आणि आगाऊ रक्कम आली की चौकटीत अंकाचं नाव लिहिते. चौकटी संपल्या की ठरलेलं वाक्य: ‘सर, यंदाची माझी चित्रं भरली. पुढच्या ज्येष्ठात फोन करा, पहिलं नाव तुमचं लिहीन.’ समोरून ‘अहो, एकच छोटंसं आहे’ येणारच. छोट्या चित्रालाही कथा पूर्णच वाचावी लागते.

मागच्या आठवड्यात असाच फोन आला. ‘मॅडम, यंदा अधिक महिना आहे, दिवाळी ८ नोव्हेंबरला. वेळच वेळ आहे, दोन अंक जास्त घ्या.’ मी २०२६ ची पानं उलटली. अधिक ज्येष्ठ १५ जूनला संपतो. आषाढी २५ जुलैला, घटस्थापना ११ ऑक्टोबरला. अकराच आठवडे. त्यांना म्हटलं, अधिक महिना आषाढीच्या अलीकडे पडलाय, आणि चौकटी तीसच आहेत. त्यातल्या चार त्यांनी घेतल्या.