सेव्हन्सच्या प्रयोगात या चुका टाळा

न्यूट्रिनो (अतिशय हलका, विद्युतभार नसलेला कण) अणुकेंद्रावर आदळतो आणि सगळं अणुकेंद्र एकसंध गोळ्यासारखं मागे सरकतं, असं होऊ शकतं हे डॅनियल फ्रीडमन यांनी १९७४ मध्ये मांडलं. यालाच सेव्हन्स (CEvNS) म्हणतात. ते प्रत्यक्ष दिसायला २०१७ उजाडलं. घटना दुर्मिळ आहे म्हणून एवढा उशीर झाला नाही. अणुकेंद्रातल्या न्यूट्रॉनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात ही शक्यता वाढते, आणि इतर न्यूट्रिनो-प्रक्रियांच्या मानाने ती दणदणीत आहे. अडचण आहे ती धक्का किती हलका बसतो याची. ३० एमईव्हीचा (दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे ईव्ही, मिळून एक एमईव्ही) न्यूट्रिनो सिझियमला फार तर १४-१५ केईव्ही (हजार ईव्हीचा एक) देतो. अणुभट्टीतला ४ एमईव्हीचा प्रतिन्यूट्रिनो जर्मेनियमला जेमतेम अर्धा केईव्ही देतो, आणि त्यातलाही पाचवा हिस्साच, किंबहुना कमीच, विद्युतभार म्हणून हाती लागतो.

या सिग्नलला स्वतःचा चेहरा नाही. न्यूट्रॉन आदळला तरी अगदी तसाच धक्का दिसतो. ओळखायच्या खुणा दोनच: तो कधी आला आणि त्याची ऊर्जा किती. खालची प्रत्येक चूक यातली एक खूण तरी पुसून टाकते.

शिसं थेट डिटेक्टरला भिडवणं

गॅमा किरण अडवायचे म्हणून शिशाच्या विटा डिटेक्टरला चिकटवून रचाव्या असं पहिल्यांदा वाटतंच. पण वैश्विक म्युऑन (अवकाशातल्या किरणांमुळे वातावरणात तयार होणारे भेदक कण) शिशात शिरले की न्यूट्रॉन बाहेर पडतात, आणि ते थेट तुमच्या स्फटिकात येतात. अमेरिकेतल्या ओक रिजच्या एसएनएससारख्या (प्रोटॉनच्या माऱ्यातून न्यूट्रॉन आणि न्यूट्रिनो निर्माण करणाऱ्या केंद्रासारख्या) बीमजवळ तर खुद्द न्यूट्रिनोच शिशातून न्यूट्रॉन उडवतात. हे जास्त वाईट, कारण ते सिग्नलच्याच वेळेला येतात आणि कुठल्याही वजाबाकीत निघत नाहीत. म्हणून शिसं आणि डिटेक्टर यांच्यामध्ये पॉलिथिलीन हवंच. तिथल्याच कोहेरंट प्रयोगाच्या १४.६ किलोच्या सिझियम आयोडाइडभोवतीची रचना आतून बाहेर अशी होती: साडेसात सेंमी पॉलिथिलीन, ५ सेंमी कमी किरणोत्सारी शिसं, १० सेंमी साधं शिसं, म्युऑन पकडणारं प्लास्टिक सिंटिलेटर (कण शिरला की चमकणारा पदार्थ) आणि सगळ्यात बाहेर पाणी. शिशाचे दोन थर उलटे लागले तर सगळा खटाटोप वाया: साध्या शिशातल्या लेड-२१० चं अर्धायुष्य २२ वर्षं आहे, त्याचे किरण आतल्या बाजूला नकोतच.

रेडॉन या किरणोत्सारी वायूचाही विसर पडतो. शिल्डिंगमधली पोकळी खोलीतल्या हवेने भरलेली राहिली, तर बॅकग्राउंड (सिग्नल नसलेल्या घटनांचा दर) खोलीच्या वायुवीजनाबरोबर वरखाली होतो. ही हवा हटवायला द्रवरूप नायट्रोजन नेता येत नसेल तर दाबाखालच्या हवेच्या बाटल्या तीन आठवडे बंद ठेवून मग वापराव्यात. रेडॉनचं अर्धायुष्य ३.८ दिवस, म्हणजे तोवर सुमारे २ टक्केच उरतो.

बीमच्या वेळेवर आंधळा विश्वास

एसएनएसवर बीम सलग नसतो, त्याचे सेकंदाला ६० स्पंद येतात. प्रत्येकानंतर १०-१० मायक्रोसेकंदच पाहिलं तर सेकंदातले फक्त ६०० मायक्रोसेकंद उरतात आणि कायम चालू असणारा बॅकग्राउंड दीडहजार पटींहून जास्त घटतो. चैन आहे! पण ही सवलत फक्त बीमशी संबंध नसलेल्या घटनांना लागू होते. बीमचे न्यूट्रॉन त्याच खिडकीतून आत येतात. २४ किलोच्या द्रव आर्गॉनमध्ये अशा तत्पर (स्पंदाबरोबरच येणाऱ्या) न्यूट्रॉनांची संख्या सिग्नलच्या तिप्पटीहून जास्त निघाली, आणि तरीही निष्कर्ष काढता आला. कारण न्यूट्रॉन स्पंदाबरोबर येतात, तर म्युऑनच्या क्षयातले न्यूट्रिनो सरासरी २.२ मायक्रोसेकंदांच्या आळशीपणाने मागून येतात. म्हणून लवकरची आणि उशिराची खिडकी वेगळी मोजा.

त्यासाठी वेळेचा शून्य कुठे आहे ते माहीत हवं. ट्रिगरची केबल, डिजिटायझर आणि बीमचा संकेत यांचा एकत्रित विलंब कागदावर काढून भागत नाही. न्यूट्रॉन ओळखणारा छोटा सिंटिलेटर डिटेक्टरच्या जागीच ठेवून तत्पर न्यूट्रॉन कधी येतात ते पाहा आणि त्यावरून शून्य ठरवा. 'शेजारच्या खोलीत मोजलंय' हे उत्तर चालत नाही, काही मीटरने न्यूट्रॉनांचं चित्र पार बदलतं.

भट्टी बंद म्हणजे बॅकग्राउंड तोच, असं समजणं

अणुभट्टीत स्पंद नसतो, त्यामुळे वेळेची खूण म्हणजे फक्त चालू आणि बंद. स्वित्झर्लंडमधल्या लाइबश्टाटला ३.६ गिगावॅटच्या भट्टीपासून २०.७ मीटरवर चौरस सेंटिमीटरला सेकंदाला सुमारे १०^१३ प्रतिन्यूट्रिनो जातात, तरी तिथल्या कोनस-प्लस या जर्मेनियमच्या प्रयोगाला ११९ दिवसांत ३९५ घटना मिळाल्या, त्याही ±१०६ च्या अनिश्चिततेने. म्हणजे दिवसाला साडेतीनसुद्धा नाहीत. भट्टी बंद झाल्यावर आजूबाजूला इतकं काय बदलतं की दिवसाला तीन घटनांचा फरक सहज बनावट तयार होतो. भट्टी थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या नळ्यांमधल्या नायट्रोजन-१६ चे ६ एमईव्हीचे गॅमा थांबतात, टाक्यांतलं पाणी हलतं, खोलीचं तापमान बदलतं. तापमान बदललं की विद्युत शीतकाची (डिटेक्टर थंड ठेवणाऱ्या यंत्राची) धाव बदलते, त्याचा थरथराट बदलतो आणि थ्रेशोल्डजवळचा (मोजता येणाऱ्या सगळ्यात कमी ऊर्जेजवळचा) गोंगाट सरकतो.

उपाय कंटाळवाणा आहे. खोलीचं तापमान, शीतकाची विद्युतशक्ती आणि गोंगाटाचा दर मिनिटागणिक नोंदवा. ज्या काळात हे एकमेकांशी जुळून नाचतात तो काळ काढून टाका, आणि हा निर्णय सिग्नलच्या ऊर्जाकक्षेतला डेटा पाहायच्या आधी घ्या. (तुर्भ्याच्या ध्रुव या संशोधन-भट्टीवर असा प्रयोग करण्याचा प्रस्ताव बीएआरसीच्या शास्त्रज्ञांनी मांडला आहे. १०० मेगावॅटची भट्टी १० मीटरवर असेल तर प्रवाह लाइबश्टाटच्या सुमारे दहाव्या हिश्श्यावर येतो, म्हणजे तिथे ही शिस्त आणखी काटेकोर हवी.)

याच गटातली एक फसवी चूक: न्यूट्रॉन स्रोताने कॅलिब्रेशन करून लगेच मापन सुरू करणं. जर्मेनियम न्यूट्रॉन गिळतो आणि जर्मेनियम-७१ बनतो. त्याचं अर्धायुष्य ११.४ दिवस, आणि त्याच्या रेषा १०.३७, १.३ आणि ०.१६ केईव्हीला येतात. शेवटची रेषा नेमकी थ्रेशोल्डवर बसते. सहा आठवडे थांबलात तरी ८ टक्के उरतेच. भट्टीच्या न्यूट्रॉनांमुळेही तीच रेषा भट्टीच्या शक्तीबरोबर वाढते, म्हणजे अगदी सिग्नलसारखी वागते. म्हणून १०.३७ ची रेषा कायम मोजत राहा: तिच्यावरून १.३ आणि ०.१६ च्या रेषांची उंची बांधली जाते, ती मनाप्रमाणे सैल सोडायची नसते.

क्वेंचिंग फॅक्टर 'पुस्तकातून' घेणं

अणुकेंद्राचा धक्का तेवढ्याच ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनपेक्षा फार कमी प्रकाश किंवा भार देतो. सिझियम आयोडाइडच्या पहिल्या विश्लेषणात हे प्रमाण, म्हणजेच क्वेंचिंग फॅक्टर, ८.७८ ± १.६६ टक्के धरलं होतं. स्फटिकाचा प्रकाश इलेक्ट्रॉनच्या केईव्हीमागे १३.३५ फोटोइलेक्ट्रॉन (प्रकाशाने उडवलेले, मोजले जाणारे इलेक्ट्रॉन), म्हणजे धक्क्याच्या केईव्हीमागे हातात सव्वासुद्धा नाही. अपेक्षित घटनांमधल्या एकूण २८ टक्के अनिश्चिततेत सगळ्यात मोठा वाटा याचाच होता. जर्मेनियममध्ये वाद आणखी टोकाला गेला: अमेरिकेतल्या ड्रेस्डेन-२ भट्टीजवळ तीन किलोच्या डिटेक्टरमध्ये दिसलेल्या घटना न्यूट्रिनोच्या आहेत की नाहीत, हे कोणता क्वेंचिंग फॅक्टर धरता यावरच अवलंबून राहिलं.

तेव्हा ६० केईव्हीच्या गॅमाने केलेलं कॅलिब्रेशन सरळ रेषेत खाली ओढू नका. तोच पदार्थ, त्याच प्रकारची मिश्रद्रव्यं आणि शक्यतो तोच पल्स-शेपिंग वेळ ठेवून न्यूट्रॉन बीमवर मोजा, आणि मागे ठेवलेल्या डिटेक्टरने न्यूट्रॉनचा कोन पकडा. कोन कळला की धक्क्याची ऊर्जा गणिताने येते. फोटोमल्टिप्लायर (प्रकाशाचा विद्युत पल्स करणारी नळी) मोठ्या पल्सला दबतो का हे आधी तपासा, नाहीतर दबलेला पल्स क्वेंचिंग म्हणून मोजला जातो.

थ्रेशोल्डच्या कडेवर झोपडी बांधणं

भट्टीचा सिग्नल खाली जाताना झपाट्याने वाढतो, आणि गोंगाटही तसाच वाढतो. त्यामुळे प्रत्येक १० ईव्ही खाली उतरायचा मोह होतो. उतरा, पण पल्सरने (कृत्रिम चाचणी-पल्स देणाऱ्या उपकरणाने) ट्रिगरची कार्यक्षमता थ्रेशोल्डच्या वर आणि खाली दोन्हीकडे मोजल्याशिवाय नाही. पल्सरच्या लाटेचा आकार खऱ्या सिग्नलइतकाच मंद किंवा जलद असावा. चौकोनी झटका दिला तर कार्यक्षमता खोटी चांगली दिसते.

अतिशीत डिटेक्टरमध्ये, म्हणजे नुक्लिअस किंवा रिकोशे या प्रयोगांच्या प्रकारच्या मांडणीत, काही शे ईव्हीच्या खाली सिग्नल नसलेल्या घटनांचा आणखी एक दर उभा राहतो. तो थंड केल्यापासून दिवसेंदिवस कमी होत जातो. स्फटिक धरून ठेवणाऱ्या चिमट्यांमधला आणि गोंदातला ताण हळूहळू सुटणं हे त्याचं एक कारण आहे. म्हणून इथे बॅकग्राउंड सपाट मानू नका, आणि थंड करून झाल्याबरोबर आलेला डेटा भट्टी चालू किंवा बंद यापैकी एकाच खात्यात जाऊ देऊ नका.